पान चौदावरचा 'क'

ती निळी कयाक नको, ताई, तिच्या बाजूची घ्या — निळीच्या बुडाला मागच्या आठवड्यात खडक लागलाय, ठिगळ मारलंय मी, पण ते नीट धरलंय की नाही याची माझी मलाच खात्री नाही, आणि पोरं म्हणजे काय, खडक नसला तर शोधून काढतील. किती म्हणालात, वीस? वीस स्काऊट, तीन संघ. म्हणजे दहा कयाक, आणि अकरावी तुम्हाला आणि तुमच्या मदतनिसाला. होईल. लाइफ जॅकेटं मात्र मी स्वतः घालून बघणार, एकेकाच्या अंगावर, बक्कल ओढून — हसू नका, माझ्याकडं हा नियम आहे, वैताग आला तरी चालेल. कोण कुणाबरोबर बसणार ते ठरलंय? तुम्ही नाही ठरवलं ना? संघनायकांनी ठरवलं. चिठ्ठी पण त्यांनीच लिहिली? दाखवा — अक्षर बघा, कोंबडीनं लिहिल्यासारखं, पण जड पोराबरोबर हलका बसवलाय, पोहता न येणाऱ्याबरोबर पोहणारा. शाबास. हे कुणी शिकवलं त्यांना? तुम्हीच ना? मग तुम्हाला या म्हाताऱ्याचा सल्ला कशाला हवाय? कयाक घ्या आणि चला.

हे काय काढताय पिशवीतून? थांबा, चष्मा लावतो. अरे देवा. ही कुठं मिळाली तुम्हाला? ही छापून सत्तावीस वर्षं झाली, मला वाटलं उंदरांनी खाल्ल्या असतील सगळ्या प्रती. फोटोकॉपी आहे होय. अजून वापरतात? संघनायकांच्या शिबिरात? दर वर्षी? 'संघनायकावर विश्वास' — हो, माझंच नाव आहे खाली, झेनोन म्हणजे मीच, दुसरा कुठला झेनोन कयाक भाड्यानं देत बसणार या जंगलात. सही? सही कशाला हवी त्याच्यावर. पोरांना आवडेल... काय म्हणालात? कुठलं पान? चौदा. पान चौदा मुलांकडून पाठ करून घेता तुम्ही. म्हणा बघू. नाही, म्हणा, मला ऐकायचंय — 'क. या चौदा वर्षांच्या नायकाने वाऱ्याचा अंदाज न घेता, कुणालाही न विचारता, आपल्या संघाला पाण्यात उतरवले.' हां. पुढं? 'विश्वास टाकायचा तर असे धक्के सोसण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.' बरोबर. शब्दन् शब्द बरोबर. बसा. त्या पालथ्या कयाकवर बसा, भिऊ नका, मोडत नाही.

तुम्ही किती वर्षांच्या, चोवीस? म्हणजे त्या वेळी तुमचा जन्म पण नव्हता. शहाण्णव सालचा जुलै. मी एक्केचाळीस वर्षांचा, आमच्या गावच्या पथकाचा स्काऊटमास्तर, आणि आख्ख्या जिल्ह्यात माझा बोलबाला. कशामुळं? तर माझ्या पथकात मोठी माणसं काही करत नाहीत म्हणून. गंमत नाही सांगत. दुसरे मास्तर शिट्ट्या फुंकत फिरायचे, तंबूचा खुंटा वाकडा दिसला की धावायचे, आणि मी झाडाखाली बसून पाइप ओढायचो. संडासाचा खड्डा एकदा पोरांनी वाऱ्याच्या तोंडाला खणला — मी गप्प. तीन दिवस सगळं पथक नाक धरून जेवत होतं, चौथ्या दिवशी संघनायकांची सभा बसली ओंडक्यांवर, आणि खड्डा हलला. बकव्हीटची लापशी करपली तर करपलेली खाल्ली, वर काकडीचं लोणचं, आणि दुसऱ्या दिवशी ज्यानं करपवली त्यानंच पुन्हा रांधली. हे चांगलं होतं, ताई. ते मी आजही नाकारत नाही. पोरं तीन उन्हाळ्यांत अशी वाढायची की आयांना ओळखू यायची नाहीत. नायकाला एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगायचो — शेवटी जेवायचं, श्रेय वाटून टाकायचं, आणि चूक झाली तर ती आपल्या अंगावर घ्यायची. दुसऱ्याच्या नाही, आपल्या. तोंडपाठ होतं सगळ्यांना. मलाही. मला तर फारच पाठ होतं.

तीन संघ होते. त्यातला पाणमांजरांचा संघ माझा लाडका, आणि त्यांचा नायक वितेक — पोस्टमनचा मुलगा, चौदा वर्षांचा, कमी बोलणारा. त्या शिबिरात संघांची चढाओढ होती : दोन दिवस नकाशा घेऊन तळ्याभोवती चालायचं, मोठं माणूस बरोबर नाही, पलीकडच्या गावच्या चर्चपाशी पोचायचं आणि परत यायचं. आणि आठवड्याभरात जिल्हा कार्यालयाची माणसं येणार होती, माझी पद्धत बघायला — तसं पत्रच आलं होतं, ते मी शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होतो. बाकी दोन संघ गेले. वितेक पहिल्याच दिवशी चार वाजता परत. पाठीवर आपली पिशवी, पोटावर दुसऱ्याची, आणि मागून पोरं एका बारक्याला धरून आणतायत — तिमेक त्याचं नाव, अकरा वर्षांचा, संघातला सगळ्यात लहान. मी म्हणालो, काय झालं? म्हणाला, "दादा, तिमेकला ताप आहे." मी म्हणालो, तू डॉक्टर आहेस का? म्हणाला, "नाही, पण अंग भाजत होतं. पोरं म्हणाली पुढं जाऊ. मी म्हणालो परत." थर्मामीटर लावला तर साडेसदतीस. साडेसदतीस. आणि मी सगळ्यांच्या देखत काय म्हणालो — म्हणालो, साडेसदतीसला आख्खा संघ आडवा झाला, अडतीस असता तर पाद्रीबाबाला बोलवायला लागलं असतं. पोरं हसली. हसणारच, मास्तर विनोद करतोय म्हटल्यावर. संध्याकाळच्या हजेरीला मी वितेकला पुढं बोलावलं. म्हणालो, नायक तो जो पोचतो. आणि त्याच्या खांद्यावरचा नायकपणाचा तपकिरी गोफ काढायला लागलो — गाठ काही सुटेना, माझी बोटं जाड, आणि सगळं पथक सावधानमध्ये उभं. मग त्यानंच आपल्या हातानं गाठ सोडली, गोफ माझ्या हातात दिला, आणि रांगेत जाऊन उभा राहिला. रडला नाही. मला राग आला, तो रडला नाही म्हणून. कळतंय का, मी कसला माणूस होतो ते?

तो गोफ मी तिथंच, त्याच हजेरीत, त्याच्या दोस्ताच्या खांद्यावर बांधला. कोस्तेक. हो — तो 'क'. कोस्तेक वितेकपेक्षा दोन महिन्यांनी लहान, बडबड्या, शिट्टी वाजवत लाकडं फोडणारा, बाप लहानपणीच गेलेला, आईनं मधमाश्या पाळून वाढवलेला. गोफ बांधताना तो सारखा वितेककडं बघत होता. मला वाटलं आनंदानं.

आठ दिवसांनी पाहुणे आले. दोघं — एक बाप्या, एक बाई, बाईंच्या हातात वही, प्रत्येक गोष्ट टिपून घेत होत्या. सकाळी आम्ही पाइनच्या झाडांखाली टेबल मांडून कॉफी पीत होतो. त्या दिवशी पाव-दूध आणायची पाळी पाणमांजरांची, म्हणजे तीन कयाक घेऊन तळं ओलांडून वनरक्षकाच्या घरी जायचं आणि परत यायचं. रोजचंच काम. मी पाहुण्यांना सांगत होतो, बघा, इथं कुणी कुणाला हाकत नाही, आता ती पोरं आपली आपण निघतील. तेवढ्यात कोस्तेक आला, टोपी हातात. "दादा, एक मिनिट." मी उठलो. मला बरं वाटलं नाही, खरं सांगतो — पाहुण्यांसमोर संघनायक विचारायला येतोय म्हणजे माझ्या सगळ्या भाषणावर पाणी. त्याला स्वयंपाकाच्या तंबूमागं नेलं. तो म्हणाला, "तळ्यावर पांढरं दिसतंय. मधोमध लाटा फुटतायत. दुपारपर्यंत थांबलो तर? पाव काय, कालचा आहे थोडा." मी म्हणालो, नायक कोण आहे? म्हणाला, "मी." मग ठरव, म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्यानं ठरवलं असतं, थांबला असता तो, थांबायचंच होतं त्याला. पण मी म्हणालो — काय म्हणालो? म्हणालो, "फक्त एक लक्षात ठेव. वितेकनंही असंच ठरवलं होतं."

त्याचा हात गोफाकडं गेला. नुसता गेला. मग म्हणाला, "निघतो, दादा."

टेबलाशी परत आलो तर त्या बाईंनी विचारलं, काय म्हणत होता मुलगा? मी म्हणालो, काही नाही, पाव किती आणायचे ते विचारत होता. एवढंसं खोटं. कॉफी गार होऊ नये म्हणून बोलावं तितकं. त्या वेळी मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही.

पुढचं तुम्हाला पान चौदावर आहेच — वारा, लाटा, उलटलेल्या दोन कयाक. पण पानावर नाही ते असं, की तिमेकच्या अंगावरचं जॅकेट मोठ्या माणसाचं होतं, आणि त्याची एक पट्टी तुटलेली होती, आणि ती जॅकेटं वाटायचं काम माझं होतं. पाण्यात पडल्याबरोबर जॅकेट वर आलं आणि पोरगं खाली गेलं, कयाकच्या खाली. वितेकनं आपलं वल्हं टाकून उडी मारली. दोनदा वर आला रिकाम्या हातानं, तिसऱ्यांदा केस धरून त्याला वर काढलं. आणि कोस्तेकनं काय केलं? पान चौदावर कोस्तेक नुसता चुकतो. खरं म्हणजे त्यानं बाकीची पोरं उलट्या कयाकला धरवली, त्यांच्याशी ओरडून बोलत राहिला, नावं घेत राहिला एकेकाची, ढकलत ढकलत लव्हाळ्यापर्यंत आणलं, तिथं मोजलं, पुन्हा मोजलं. वनरक्षकाची मोटरबोट आली तोवर सहाच्या सहा काठावर होते. तिमेक निळा पडलेला, पण खोकत होता. न्यूमोनिया झाला, अठरा दिवस दवाखान्यात, आणि बरा झाला. पूर्ण बरा. त्यामुळं सगळे म्हणाले, देवानं वाचवलं, विसरून जा. आणि विसरण्यासारखंच होतं हो, नुसता अपघात असता तर. अपघाताचं मला एवढं नाही. झोपेत मला तळं कधी दिसत नाही. मला ती खोली दिसते.

चौकशी बसली ऑगस्टमध्ये, जिल्हा कार्यालयात. टेबलापलीकडं तिघं, त्यात त्या वहीवाल्या बाईही. पोलीस येऊन गेले होते, कागद करून गेले होते, हे आमचं आतलं होतं — मला पथक ठेवायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. मला आधी विचारलं. मी म्हणालो, निर्णय नायकाचा होता, माझ्या पथकात तो नेहमीच नायकाचा असतो, आपल्याला ठाऊकच आहे. त्यानं तुम्हाला वाऱ्याबद्दल विचारलं होतं? आता बघा — खरं बोलायला मला जागा होती. बोलता आलं असतं. पण त्या बाई समोर बसलेल्या, त्यांच्या वहीत 'पाव किती' लिहिलेलं. तेवढंसं खोटं आधीच जाऊन बसलं होतं खुर्चीत, माझ्या आधी. मी म्हणालो, नाही. पावांबद्दल विचारलं. मग कोस्तेकला आत बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले, आई बाहेर व्हरांड्यात थांबलेली. मला वाटलं मला बाहेर पाठवतील. नाही पाठवलं. तिथंच बसवून ठेवलं, त्याच्यापासून दोन हातांवर. विचारलं, "तू दादांना वाऱ्याबद्दल विचारलंस का त्या दिवशी?" त्यानं माझ्याकडं बघितलं. मागत नव्हता काही. बघत होता, मी आता बोलेन म्हणून. मी मिठाची गुळणी धरून बसलो. किती वेळ गेला असेल? असेल अर्धं मिनिट. अर्धं मिनिट फार मोठं असतं, ताई, कधीतरी घड्याळ लावून बघा. मग तो म्हणाला, "नाही."

"मग काय विचारलंस? तू तंबूपाशी गेला होतास ना त्यांच्याबरोबर?" आणि हे त्याला कुठं ठाऊक, मी पावांचं सांगितलंय ते. तो म्हणाला, "आठवत नाही." बाई वहीत बघायला लागल्या. तेव्हा मी काय केलं — मी बोललो. इतका वेळ जीभ टाळ्याला चिकटली होती, ती आता सुटली. मी म्हणालो, "पावांबद्दल रे, कोस्तेक. किती आणायचे." अगदी मायेनं म्हणालो. तो म्हणाला, "हो. पावांबद्दल."

चूक आपल्या अंगावर घ्यायची — हे ज्यानं शिकवलं तो आणि ज्याला शिकवलं तो, दोघं एकाच खोलीत बसलो होतो, आणि पाळलं एकानंच.

बाहेर आलो तर जिन्यात वितेक उभा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, सायकलवर आला होता अठरा किलोमीटर. म्हणाला, "दादा, मी त्या सकाळी स्वयंपाकाच्या तंबूतच होतो. कपबश्या धूत होतो." मी म्हणालो, बरं मग? काय ऐकलंस? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काही नाही." सायकल घेतली आणि गेला. आता नॉर्वेत असतो, जहाजं जोडतो. पत्र नाही, काही नाही. कशाला पाठवेल.

मला पथक ठेवू दिलं. ठेवू दिलं काय, उलट म्हणाले, एवढं होऊनही हा माणूस पोरांवरचा विश्वास सोडत नाही — तुम्ही हे लिहून काढा, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. आणि मी लिहिलं. त्याच हिवाळ्यात, घरात शेगडीपाशी बसून. पान चौदा लिहिताना मी थांबलो होतो का? थांबलो होतो. 'वाऱ्याचा अंदाज न घेता' इथपर्यंत लिहिलं, आणि थांबलो, आणि मग 'कुणालाही न विचारता' लिहिलं, कारण वाक्य तसं बरं वाटत होतं, वजन येत होतं. नाव नाही लिहिलं, 'क.' लिहिलं, आणि मला वाटलं मी किती सभ्य माणूस. आमच्या गावात चार हजार माणसं आहेत. कुणाला कळलं नसेल 'क.' कोण ते?

पेन आहे का तुमच्याकडं? द्या ती पुस्तिका. 'कुणालाही न विचारता' — हे तीन शब्द मी खोडतो. नाही, वर काही लिहीत नाही. सही पण नाही. घ्या. मुलांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. तुम्ही विचारायला आला होतात, नायक तयार कसे करायचे — एवढंच सांगता येईल मला, की 'ठरव तू' हे म्हणणं सोपं आहे, फुकट आहे. त्यानं परत फिरायचं ठरवलं तर त्याला चार लोकांत शाबास म्हणता येईल का तुम्हाला, चढाओढ हरून, पाहुणे बघत असताना? येत असेल तर त्याला नायक करा. नाहीतर आपलं शिट्टी फुंकणारे मास्तर बरे. ते निदान दिसतात तरी.

कोस्तेक सप्टेंबरात पथकातून गेला. गोफ त्याच्या आईनं आणून दिला, धुऊन, घडी करून. आता लाकडाच्या गिरणीत आहे. काम चोख, सगळे म्हणतात. मुकादम होतोस का म्हणून दोनदा विचारलं त्याला, दोनदा नको म्हणाला. दुसऱ्याला सांगायचं काम मला नको, म्हणाला. आणि मी त्याला अठ्ठावीस वर्षं रस्त्यात बघत होतो. नमस्कार करायचा तो, टोपीला हात लावून, आणि मी पण करायचो. चर्चमध्ये, दुकानात, बसस्टॉपवर. काय बिघडलंय, चाललंय की त्याचं, बायको आहे, मुलगी आहे — असं मनाशी म्हणत.

मग गेल्या उन्हाळ्यात तिमेक आला माझ्याकडं. हो, तोच. एकोणचाळीस वर्षांचा, पोट सुटलंय, दोन जुळी पोरं, कयाक घ्यायला आला होता. बघा, पाण्याची भीतीसुद्धा राहिली नाही त्याच्यात. पोरांची बक्कलं मी ओढत होतो, तर हसून म्हणाला, "दादा, तुम्ही पण कोस्तेकसारखेच झालात." मी म्हणालो, म्हणजे काय? तर म्हणाला, "तो दर वर्षी माझ्या नावाच्या संताच्या दिवशी मधाची बरणी घेऊन येतो. अजून. पहिल्यांदा त्याच्या आईनं धरून आणला होता त्याला माफी मागायला, तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. मी म्हणतो, अरे बाबा, मी धडधाकट आहे, पुरे आता. तर म्हणतो, राहू दे, असू दे." आणि त्याची पोरं कयाकमध्ये बसून वल्ही आपटत होती, चला बाबा म्हणत होती, आणि मी ते बक्कल धरून तसाच बसलो होतो. अठ्ठावीस बरण्या.

तरी लगेच नाही गेलो. ऑक्टोबर उजाडला. एका रविवारी जेवणानंतर गेलो. कोस्तेक दारात आला, म्हणाला, "या दादा," जसं काही मी रोज जातो. स्वयंपाकघरात टेबलावर त्याची बायको अळंबी निवडत होती, मुलगी तेरा-चौदा वर्षांची अभ्यास करत होती, आणि खिडकीपाशी त्याची आई, गेनोवेफाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, शेंगा सोलत होत्या. मी म्हणालो, जरा बाहेर येतोस? अंगणात गेलो, पोळ्यांच्या पेट्यांपाशी. आणि सांगितलं. तू विचारलं होतंस. मी तुला घाबरवून पाठवलं. खोलीत मी खोटं बोललो आणि तुझ्या तोंडातही खोटं घातलं. एका दमात सांगितलं, कारण दम घेतला असता तर पुन्हा बोललो नसतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, एक विचारू? त्या दिवशी मी थांबलो असतो, तर तुम्ही गोफ काढला असतात?" मी म्हणालो, हो. काढला असता. त्यानं मान हलवली. म्हणाला, "मला कधीकधी वाटायचं, माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल. तुम्ही थांब म्हणाला असाल आणि मीच नीट ऐकलं नसेल. इतकी वर्षं झाली ना, आपलं आपल्याला खरं वाटेनासं होतं."

मला वाटलं, झालं. आता तो हात पुढं करेल, किंवा दोन शिव्या घालेल, आणि मी घरी जाईन. तर तो म्हणाला, "आत चला." आत गेलो. बायकोला म्हणाला, हात पूस, बस. मुलीला म्हणाला, वही मिट. आईच्या पुढ्यातलं शेंगांचं ताट बाजूला सारलं. आणि मला म्हणाला, "आता हे सगळं पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

सांगितलं, ताई. त्या तिघींच्या समोर. अंगणात एका दमात आलं होतं ते इथं शब्दाशब्दाला अडत होतं. पावांचं सांगताना मुलगी बापाकडं बघत होती, माझ्याकडं नाही. संपलं. चुलीवर काहीतरी उकळत होतं, त्याच्या बायकोनं उठून ते खाली उतरवलं.

मग गेनोवेफाबाई बोलल्या. माझ्याशी नाही, त्याच्याशी. म्हणाल्या, "त्या चौकशीच्या दिवशी घरी आणून मी तुला मारलं होतं." कोस्तेक म्हणाला, "आई, जाऊ दे." त्या म्हणाल्या, "कुठल्या गालावर मारलं होतं?" तो म्हणाला, "आठवत नाही मला." त्या म्हणाल्या, "मला आठवतंय."

आणि उठल्या. भिंत धरत धरत आल्या, तो बसला होता तिथं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, टेबलावर हात ठेवून बसलेला. त्याच्या उजव्या गालावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मला कुणी बस म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. मी माझी टोपी शोधत होतो, आणि ती माझ्या डोक्यावरच होती.

नाही, काही बोलू नका. त्याला काय वाटलं असेल ते मला सांगू नका, आणि मी म्हातारा आहे, तेही सांगू नका. कयाक उद्या नऊला काठावर आणून ठेवतो. निघा तुम्ही आता. निघा म्हणतो ना.